भंगारातले तांबे आणि पोलादाचा पुनर्वापर : प्रकल्पाचा विषय कुठे शोधावा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बडोद्यात धातुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात, भंगारापासून पर्यावरणपूरक पोलाद या विषयावर तुम्हाला प्रकल्प करायचा आहे आणि तुमच्या दोन शंका आहेत. पोलाद कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येते, तर मग खनिजापासून ते बनवण्याची गरजच काय, ही पहिली. भंगार वितळवण्याचे तंत्र इतके जुने आहे, तर त्यात संशोधन करण्याजोगे काय उरले आहे आणि त्यापेक्षा कमी विजेवर चालणारी भट्टी हाच विषय घेतलेला बरा का, ही दुसरी.

मी स्वतः कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेत, शिकलो आणि त्यानंतरची सत्तावीस वर्षे बडोदे आणि भावनगर परिसरातल्या इंडक्शन भट्ट्या (भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्या) व रोलिंग मिलमध्ये (तापलेले पोलाद रोलमधून दाबून सळई वगैरे बनवणाऱ्या कारखान्यांत) काम केले. त्या अनुभवावरून सांगतो, की तुमच्या दोन्ही शंकांचा माग काढत गेलात तर तुम्ही बऱ्याच अंशी तांब्यापाशी येऊन पोहोचाल. हे थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

पहिल्या शंकेतला उपलब्धतेचा भाग आधी संपवतो, कारण तो सोपा आहे. आज बाजारात येणारे भंगार म्हणजे दहा, वीस, पन्नास वर्षांपूर्वी बनलेले पोलाद. पत्र्याचा डबा वर्षभरात परत येतो, मोटारगाडी साधारण पंधरा वर्षांनी येते, इमारतीतली सळई पन्नास वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ परत येत नाही. भारतात २००० साली सुमारे २.७ कोटी टन पोलाद बनले होते आणि २०२३ साली सुमारे १४ कोटी टन बनले. २००० सालचे सगळेच्या सगळे पोलाद आज भंगार होऊन परत आले असे धरले, तरी त्यातून आजच्या गरजेचा पाचवा हिस्साच भागेल. म्हणून आपल्या देशात खनिजापासून पोलाद बनणे अजून कित्येक वर्षे चालू राहणार आहे आणि त्यात कोणाचा हलगर्जीपणा नाही.

असे असले तरी मिळेल ते भंगार उत्तम रीतीने वापरणे फार मोलाचे आहे. एक टन भंगार वापरले की साधारण १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो, असा जागतिक पोलाद उद्योगाचा सर्वमान्य हिशेब आहे. झोतभट्टीच्या, म्हणजे ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाने एक टन पोलाद बनवताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्याकडच्या इंडक्शन भट्टीला भंगार वितळवायला टनामागे ६०० युनिटच्या आसपास वीज लागते आणि देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर तो आकडा ४२० किलोच्या जवळ येतो. वीज सौर किंवा पवन असेल तर तो आणखी खाली जातो. आता तुमच्या भट्टीच्या कल्पनेकडे पाहू. लोखंड खोलीच्या तापमानापासून १६०० अंशांपर्यंत नेऊन वितळवायला मुळातच टनाला पावणेचारशे ते चारशे युनिट एवढी उष्णता लागते, त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी वाचवण्यासारखी जागा मर्यादित आहे आणि ती जागा भट्टी बनवणाऱ्या कंपन्या वर्षानुवर्षे पिंजून काढत आहेत. एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाने तिथे फारसे हाती लागेल असे मला वाटत नाही. मोठा फरक दुसरीकडे पडतो.

भट्टीत भंगाराबरोबर जे जे जाते, त्याचे वितळल्यावर काय होते हे एलिंगहॅम आकृतीत, म्हणजे कोणत्या धातूला ऑक्सिजनची किती ओढ आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, तुम्ही शिकलाच आहात. अॅल्युमिनियम, सिलिकॉन, टायटॅनियम यांना लोखंडापेक्षा ऑक्सिजनची अधिक ओढ असते, त्यामुळे ते जळून स्लॅगमध्ये, म्हणजे द्रव धातूवर तरंगणाऱ्या मळीत, जातात. मँगनीज आणि क्रोमियम काही अंशी जातात. गॅल्वनाइज्ड पत्र्यावरचे जस्त ९०७ अंशांनाच उकळते, म्हणून ते वाफ होऊन धुळीत जमा होते. तांबे, कथील, निकेल आणि मॉलिब्डेनम मात्र लोखंडाच्या आधी जळत नाहीत. तुम्ही कितीही ऑक्सिजन सोडा, आधी लोखंड जळेल आणि तांबे होते तसेच पोलादात राहील. याचा अर्थ असा, की एकदा विरघळलेले तांबे त्या पोलादाच्या पुढच्या प्रत्येक जन्मात त्याच्याबरोबर येते आणि प्रत्येक फेरीत त्यात थोडी भर पडते. ‘कितीही वेळा पुनर्वापर’ हे वाक्य धातूच्या वजनाबाबत खरे आहे, पण त्याच्या प्रतीबाबत खरे नाही.

तांब्याने नेमके काय बिघडते, हे मी पुस्तकात वाचले होते, पण मला ते समजले एका बिलेटच्या, म्हणजे रोल करण्यासाठी ओतलेल्या पोलादी ठोकळ्याच्या, कोपऱ्यावर. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका रोलिंग मिलमध्ये होतो. एके दिवशी पहाटेच्या पाळीत रोलमधून पहिल्या दोन फेऱ्या झाल्यावर बारच्या कडांवर आडव्या भेगा दिसू लागल्या. माशाचे खवले उभे राहावेत तशा त्या दिसत होत्या. रीहीटिंग भट्टीचे तापमान ठीक होते, गंधक मर्यादेत होते, रोलही नुकतेच बदललेले होते. आम्ही एका बिलेटचा कोपरा कापला, वरची खवली, म्हणजे तापवताना पृष्ठभागावर बसणारा ऑक्साइडचा थर, न काढता तो तसाच बसवून पॉलिश केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. खवलीच्या अगदी खाली एक बारीक, तांबूस-सोनेरी रेघ होती आणि तिथून कणांच्या सीमांमधून तशाच तांबूस रेघा मुळांसारख्या आत उतरल्या होत्या. स्पेक्ट्रोच्या, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या, नोंदी काढल्या तेव्हा त्या हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या त्या एका खेपेच्या मालात, तांबे ०.४२ टक्के आणि कथील ०.०४ टक्के निघाले.

कारण असे आहे. बिलेट पुन्हा तापवताना पृष्ठभागावरचे लोखंड ऑक्सिजनशी संयोग पावून खवलीत जाते, पण तांबे जात नाही. ते खवलीच्या खाली मागे उरते आणि साठत जाते. ०.४ टक्के तांबे असलेल्या पोलादाचा एक मिलिमीटर थर खवलीत गेला आणि त्यातले सगळे तांबे तिथेच राहिले असे धरले, तर सुमारे साडेतीन मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर तयार होतो. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि बिलेट त्याहून अधिक तापलेले असते, म्हणजे हा थर द्रवरूप असतो. तो कणांच्या सीमांमध्ये झिरपतो आणि रोलचा ताण पडताच पृष्ठभाग तिथून फाटतो. हा त्रास ११०० ते १२०० अंशांच्या दरम्यान सर्वांत जास्त होतो. कथील असेल तर तो वाढतो, कारण कथिलामुळे पोलादाची तांबे सामावून घेण्याची क्षमता घटते. निकेल असेल तर उलट ती वाढते आणि त्रास कमी होतो. तांबे प्रत्येक ठिकाणी शत्रू असते असेही नाही. हवामानाला टिकणाऱ्या पुलांच्या पोलादात ते मुद्दाम घालतात, पण सोबत निकेलही घालतात.

म्हणून तांबे किती चालेल हे तुम्ही काय बनवता यावर अवलंबून आहे. बांधकामाच्या सळईत साधारण ०.४ टक्क्यांपर्यंत निभावते, मोटारीच्या दरवाजासाठी खोल दाबून घडवायच्या पत्र्यात मात्र ०.०६ टक्के एवढीच मुभा असते. आजवर यातून सोपी वाट निघत आली, ती अशी की घाणेरडे भंगार सळईत जिरवायचे आणि पत्रा खनिजापासून बनवायचा. पण जगभर भंगाराचे प्रमाण वाढत आहे आणि सगळेच सळईत जिरेल इतकी सळई लागणार नाही. केंब्रिजच्या डेन, काब्रेरा सेर्रेन्हो आणि ऑलवुड या संशोधकांनी २०१७ साली जगाचा असा हिशेब मांडला आणि त्यांचा निष्कर्ष असा होता, की सध्याच्याच पद्धती चालू राहिल्या तर २०५० पर्यंत भंगारातून येणारे तांबे, पोलादाच्या एकूण मागणीला जेवढे सोसवेल त्यापेक्षा जास्त झालेले असेल. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये तांबे साध्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक असते, हे लक्षात घेतले तर या इशाऱ्याचे वजन आणखी वाढते.

आता तांब्याचा आणि कार्बनचा संबंध पाहा, कारण मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. तांबे काढता येत नाही, तेव्हा कारखाना काय करतो? ते पातळ करतो. भंगारात ०.४ टक्के तांबे आहे आणि मालात ०.२ टक्केच हवे आहे, तर निम्मे भंगार काढून तिथे खनिजापासून बनलेले शुद्ध लोखंड, म्हणजे स्पंज किंवा पिग आयर्न, घालावे लागते. आपल्याकडचा बहुतेक स्पंज कोळशावर बनतो आणि त्या मार्गाने टनामागे निघणारा कार्बन डायऑक्साइड झोतभट्टीपेक्षाही जास्त असू शकतो. शिवाय स्पंजबरोबर फॉस्फरस येतो, जो सिलिकाच्या आम्लधर्मी लायनिंगच्या इंडक्शन भट्टीत काढता येत नाही, आणि सळईच्या भारतीय मानकात, म्हणजे ‘आयएस १७८६’ मध्ये, ‘एफई ५००डी’ या प्रतीच्या सळईसाठी फॉस्फरसची मर्यादा ०.०४० टक्के आहे. थोडक्यात, भंगारातल्या प्रत्येक किलो तांब्यामागे कुठेतरी कोळसा जळतो. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची जी व्याख्या ठरवली, तीत टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच पोलाद हरित आणि १.६ टनांच्या खाली असेल तर पंचतारांकित धरले जाते. भंगार आणि स्पंजचे प्रमाण हेच आपल्या भट्टीवाल्यांचे स्थान या मोजपट्टीवर मोठ्या प्रमाणात ठरवणार आहे आणि ते प्रमाण भंगाराच्या स्वच्छतेवरून ठरते.

वितळलेल्या पोलादातून तांबे काढण्याचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. सल्फाइडच्या स्लॅगमध्ये तांबे ओढून घेता येते, पण त्यासाठी स्लॅग बराच लागतो आणि पोलादात गंधक शिरते, ते पुन्हा काढावे लागते. निर्वात पात्रात तांबे लोखंडाच्या आधी वाफ होते, पण मोठ्या हीटसाठी लागणारा वेळ आणि निर्वात यंत्रणेचा खर्च परवडत नाही. क्लोरिनच्या संयुगांनी घन भंगारावरचे तांबे उडवण्याचे प्रयोगही आहेत. प्रयोगशाळेत हे सगळे चालते, पण कारखान्यात यांपैकी काहीही रुळलेले नाही. तुमच्या हाती एक वर्ष आहे, म्हणून मी तुम्हाला या वाटेने जाऊ नका असे सुचवीन. ज्यांच्याकडे निर्वात भट्टी आणि चार-पाच वर्षे आहेत, त्यांनी जरूर जावे.

माझे मत स्पष्ट आहे. तांब्याशी लढाई भंगाराच्या यार्डात जिंकायची असते आणि आपल्या भागात तिथे संशोधनाला भरपूर वाव आहे. बडोदे हे ट्रान्सफॉर्मर आणि विजेच्या यंत्रांचे शहर आहे. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या टर्निंगपासून, म्हणजे लेथवर निघणाऱ्या धातूच्या चुऱ्यापासून, जुन्या विजेच्या मोटारींच्या आर्मेचरपर्यंत, म्हणजे तांब्याची गुंडाळी असलेल्या फिरत्या भागापर्यंत, सगळे इथल्या भंगारवाल्यांकडे येते. सुटी वायर कोणी भट्टीत जाऊ देत नाही, कारण तांब्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो. भट्टीत जाते ते लपलेले तांबे. आर्मेचरमध्ये बाहेरून सगळे लोखंड असते, चुंबक ते उचलतो आणि आतल्या खाचांमध्ये घट्ट बसलेली गुंडाळी तशीच आत जाते. दाबून बांधलेल्या पत्र्याच्या बंडलच्या पोटात काय दाबले आहे, ते बाहेरून दिसत नाही. दहा टनांच्या हीटमध्ये ०.१ टक्का म्हणजे अवघे दहा किलो तांबे. प्रत्येकी तीन किलो गुंडाळीच्या दहा विजेच्या मोटारी बंडलमध्ये गेल्या, की ०.३ टक्क्यांची भर पडलीच. मी वर सांगितलेल्या त्या हीटचा छडाही शेवटी अशाच बंडलपाशी लागला होता.

श्रेडरविषयीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण परदेशी लेख वाचून विद्यार्थी त्याच्याकडे ओढले जातात. श्रेडर गाडीचे मुठीएवढे तुकडे करतो आणि चुंबकाने लोखंड वेगळे करतो, पण आर्मेचरसारखा तुकडा लोखंडाबरोबरच निघतो. तो नंतर माणसांनी किंवा सेन्सरने वेचावा लागतो. आपल्याकडे गाड्या अजून मोठ्या प्रमाणात हातांनी सोडवल्या जातात, वायरिंगचा हार्नेस (तारांचा जुडगा) आधी खेचून काढला जातो आणि विजेच्या मोटारी वेगळ्या होतात. २०२१ च्या वाहन भंगार धोरणानंतर नोंदणीकृत केंद्रे उभी राहत आहेत. त्यांनी हाताचे काम टाकून थेट श्रेडरकडे जावे की आधी हाताने सोडवून मग श्रेडर चालवावा, हा प्रश्न मजुरीचा तसाच धातुशास्त्राचाही आहे आणि माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. अलंगला भंगारात मोडली जाणारी जहाजे हे तर वेगळेच उदाहरण आहे. तिथल्या जाड प्लेटा न वितळवताच तापवून रोल केल्या जातात, त्यामुळे वितळवण्याची सगळी ऊर्जा वाचते. मात्र प्लेटेचे रासायनिक प्रमाण जसे असेल तसेच स्वीकारावे लागते, म्हणून असा माल कुठे वापरायचा याचे भान लागते.

आता तुमच्या प्रकल्पाबद्दल. मी सुचवतो तो विषय असा : एखाद्या भट्टीत येणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या भंगारात सरासरी किती तांबे आणि कथील आहे, हे त्या भट्टीच्याच नोंदींवरून काढणे. भंगाराच्या ढिगाचा नमुना घेऊन हे कळत नाही, कारण ढिगात एक आर्मेचर कुठे आहे त्यावर सगळे अवलंबून असते. क्ष-किरणांनी घटक ओळखणारे हातातले एक्सआरएफ यंत्रही फक्त पृष्ठभाग वाचते, त्याला गंज आणि रंग दिसतो. संपूर्ण ट्रकचा खरा नमुना घेणारे एकच यंत्र कारखान्यात असते आणि ते म्हणजे भट्टी. तांबे स्लॅगमध्ये जात नाही, वाफही जवळजवळ होत नाही. तेव्हा जेवढे आत गेले तेवढेच स्पेक्ट्रोच्या नमुन्यात दिसते. प्रत्येक हीटमध्ये एचएमएस (जाड, जड भंगार) किती, बंडल किती, टर्निंग किती, प्लेट कटिंग किती, स्पंज किती याची वजने आणि त्या हीटचे तांबे, अशी शंभर-दीडशे समीकरणे मांडली, की प्रत्येक प्रकाराचे तांबे हे अज्ञात पद लघुतम वर्ग पद्धतीने सोडवता येते. उत्तर ऋण येऊ नये अशी अट घालायची.

हे कागदावर सोपे दिसते, पण अडचणी तपशिलात आहेत आणि प्रकल्पाचा कस तिथेच लागतो. तांब्याचे एकूण वजन काढायला द्रव पोलादाचे वजन लागते, घातलेल्या भंगाराचे नव्हे. टर्निंगमध्ये तेल आणि गंज असल्याने घट जास्त येते, त्यामुळे बिलेटचे वजन आणि लॅडलमध्ये (द्रव पोलाद नेणाऱ्या पात्रात) उरलेला माल मोजूनच हिशेब करा. वजनकाट्यावर ट्रकचे वजन मिळते, पण भट्टीत गेलेले वजन चुंबकाच्या क्रेनवर वजन मोजणारा लोड सेल असेल तरच मिळते. नसेल तर आधी त्याची काय व्यवस्था होते ते पाहा. मागच्या हीटचे थोडे पोलाद भट्टीत ठेवून पुढची हीट घेत असतील, तर ते वजन आणि त्यातले तांबेही समीकरणात यायला हवे. नमुना सगळे भंगार वितळल्यावरच घ्यायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज तेच मिश्रण घातले जात असेल, तर गणित कितीही चांगले असले तरी कोणत्या प्रकारातून तांबे आले हे वेगळे करता येणार नाही. म्हणून व्यवस्थापकांना विनंती करून काही दिवस बंडलचे प्रमाण पाच-दहा टक्क्यांनी वर-खाली करून घ्या. पडताळणीसाठी कारखान्याचेच परत येणारे भंगार, म्हणजे एंड कटिंग आणि मिस रोल, हा वेगळा प्रकार धरा. त्यातले तांबे तुम्हाला आधीच ठाऊक असते, त्यामुळे गणिताचे उत्तर त्याच्याशी जुळले नाही तर नोंदीत कुठेतरी चूक आहे असे समजा.

मी हा हिशेब एका भट्टीवर केला होता तेव्हा बंडलमधले तांबे प्लेट कटिंगच्या जवळपास चौपट निघाले आणि खरेदी विभागाला स्वस्त वाटणारे बंडल, त्यामागे लागणारा स्पंज धरल्यावर, महाग ठरले. तुमच्याकडे आकडे आले, की पुढची पायरी तीच आहे. तांबे मर्यादेत ठेवून जास्तीत जास्त भंगार आणि कमीत कमी स्पंज कसा घालता येईल याचे रेषीय नियोजन करा आणि टनामागे किती कार्बन डायऑक्साइड वाचतो ते काढा. आकडे त्या भट्टीपुरतेच आणि त्या काळापुरतेच खरे असतील, हे प्रकल्पात मोकळेपणाने लिहा. लुधियानाचे किंवा जालन्याचे बंडल वेगळे असू शकते.

वेळ उरला तर प्रयोगशाळेत एक छोटा प्रयोग जोडा. तांबे ०.१, ०.३ आणि ०.५ टक्के असलेले छोटे ओतीव नमुने घ्या, मफल भट्टीत हवेत ११५० अंशांना तासभर ठेवा, तापलेलेच वाकवा आणि ताणाच्या बाजूच्या भेगा मोजा. एका नमुन्याची खवली न काढता छेद पॉलिश करा. तांबूस रेघ तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे.

यार्डात जाण्यापूर्वी सुरक्षेचे दोन शब्द. बंद सिलिंडर, शॉकअब्जॉर्बर आणि पाणी साठलेला पाइप भट्टीत गेला तर स्फोट होतो, त्यामुळे चार्जिंग, म्हणजे भट्टीत भंगार टाकणे, चालू असताना प्लॅटफॉर्मवर उभे राहू नका. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा किरणोत्सारी स्रोत आला होता आणि त्यात एका माणसाचा जीव गेला. प्रवेशद्वारावर विकिरण तपासणीचे यंत्र आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. आणि वेचणीच्या जागी काम करणाऱ्या माणसांजवळ दोन दिवस बसा. कोणत्या गावच्या मालात आर्मेचर जास्त येतात आणि कोणता व्यापारी बंडलच्या मध्यभागी काय दाबतो, हे त्यांना ठाऊक असते. भंगाराचे प्रकार ठरवताना कारखान्याच्या रजिस्टरमधले रकाने तसेच उचलू नका, ही माणसे माल जसा वेगळा करतात तसे प्रकार पाडा. समीकरणे त्यानेच सुटतील.